टेपवहिनींचे पंखे

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळं घर टेपवहिनी म्हणतं. एकदा कानावर पडलेला आवाज त्या जसाच्या तसा परत वाजवून दाखवतात, म्हणून. सासऱ्यांची शिंक, शेजारच्या फाटकाची करकर, माझ्या नवऱ्याचं अंथरुणात पडून फोनवर "हो हो, निघालोच, चौकात पोचलो" असं सांगणं, सगळं त्यांच्या घशात साठवलेलं असतं. मी लग्न होऊन घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं हसणं वाजवून दाखवलं. पुढे महिनाभर मी तोंडावर हात धरून हसत होते.

हा कान त्यांना कामानं दिला. आधी त्या एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होत्या. पलीकडून नुसता श्वास आला तरी ओळखायच्या, की हे खरेदीवाले साहेब आणि आज घरून भांडून आलेत. मग बोर्ड गेला, यंत्र आलं आणि टेपवहिनी घरी बसल्या. दोन महिने त्यांनी आमचेच आवाज ऐकले, कंटाळल्या, आणि वस्तीबाहेरच्या डुकरांच्या फार्मवर शेड धुवायच्या कामाला लागल्या.

"टेलिफोनवरून थेट डुकरांत?" सासूबाईंनी विचारलं.

"तिथे निदान कुणी 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं सांगायला लावत नाही," टेपवहिनी म्हणाल्या.

याला अकरा वर्षं झाली. त्या अकरा वर्षांत आमच्या जेवणाच्या टेबलावर डुकरांची सगळी भाषा येऊन गेली. लांबलचक, वर चढत जाणारी किंकाळी म्हणजे दुखतंय, नाहीतर जीव घाबरलाय. खालच्या पट्टीतला आखूड हुंकार म्हणजे बरं चाललंय, तुमची गरज नाही. कुत्र्यासारखं एकच 'व्हक्' म्हणजे दचकलंय किंवा खेळायला आलंय. दोन्हींतलं काय, ते त्यानंतरच्या आवाजावर. फार्मवर जनावरांचे डॉक्टर थर्मामीटर घेऊन फिरायचे आणि टेपवहिनी दारात मिनिटभर डोळे मिटून उभ्या राहायच्या. "चौथ्या गाळ्यात कुणाचा तरी पाय अडकलाय," त्या म्हणायच्या, आणि तो अडकलेलाच असायचा. असं करत करत चार वर्षांपूर्वी मालकांनी त्यांच्या हातात बाळंतघराची किल्ली दिली.

बाळंतघर म्हणजे जिथे डुकरिणी वितात आणि पिल्लं महिनाभर आईजवळ राहतात ती लांबट खोली. दहा गाळे, दहा आया. फार्मवरची सगळ्यात नाजूक जागा, आणि तिची किल्ली एकाच माणसाकडे. आधीच्या माणसानं ती एकदा चुकून खिशातून घरी नेली होती, म्हणून मालकांनी तिला साबणाच्या वडीएवढा लाकडी ठोकळा बांधून ठेवला होता. टेपवहिनी ती गळ्यात घालायच्या. घरी येईपर्यंत काढायचं भान नसायचं, आणि भांडी घासायला वाकल्या की ठोकळा बेसिनवर ठक्कन आपटायचा. "आली बाळंतघराची बाई," सासरे म्हणायचे.

सगळ्यात रंगून त्या सांगायच्या ते दूध पाजण्याबद्दल. "डुकरीण काय गाय आहे, कधीही जा आणि पी? तिची वेळ असते बाई. पन्नास मिनिटांनी एकदा. आडवी होते आणि बोलवायला लागते." मग पाठ ताठ करून, डोळे अर्धे मिटून त्या सुरू व्हायच्या. "हं... हं... हं..." अगदी सावकाश. "पिल्लं गोळा होतात, ढकलाढकली करून आपापली जागा धरतात, ढुशा देतात. आणि मग ऐक. हं, हं, हं-हं, हंहंहंहंहं! वेग वाढला की समजायचं, आता दूध उतरणार. उतरतं किती वेळ? वीस सेकंद! त्या वीस सेकंदांत जो जागेवर तोंड लावून आहे, तो जेवला. जो इकडेतिकडे बघत बसला, त्याचं पान उठलं. पुढच्या पंगतीपर्यंत उपाशी. आणि एकीनं सुरू केलं की शेजारची सुरू करते, मग तिची शेजारीण. सगळी खोली एका दमात जेवते."

हे ऐकताना माझा नवरा घास हातात धरून थांबायचा. सासूबाई म्हणायच्या, "आता माणसांनाही जेवू द्या."

गेल्या उन्हाळ्यात बाळंतघर तव्यासारखं तापलं. डुकरांना घाम येत नाही. आया धापा टाकत पडून राहायच्या. टेपवहिनींनी पंखे मागितले. मालक म्हणाले बघू. परत मागितले. परत बघू. अकराव्या वेळी त्यांनी मालकांना इस्त्रीच्या शर्टात, भर दुपारी, बाळंतघरात स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "पंधराच मिनिटं. मग नाही म्हणा." नवव्या मिनिटाला मालक उठले. आठवड्याभरात भिंतीवर दहा पंखे लागले, ताटाएवढे नाहीत, ट्रकच्या चाकाएवढे, प्रत्येक गाळ्यावर एक. फार्मवर त्यांना टेपचे पंखे असंच नाव पडलं. त्या दिवशी वहिनी आम्हा सगळ्यांना आइस्क्रीम घेऊन आल्या होत्या.

"काय शांत झालंय गं बाळंतघर!" त्या म्हणाल्या. "आया निवांत पडून असतात. एक किंकाळी नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. आम्हाला नंतर ते फार महागात पडलं.

कारण त्यानंतर पिल्लांची वजनं उतरायला लागली. अठ्ठाविसाव्या दिवशी शंभर पिल्लं मिळून सहाशे किलो भरायची, हा फार्मचा जुना हिशेब. पंख्यांनंतरची पहिली खेप साडेपाचशेच्या आत राहिली. दुसरी पाचशेवीस. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पाणी तपासलं, शेण तपासलं. काही नाही. मग सगळ्यांचा संशय खाद्यावर गेला, आणि खाद्यावरून हळूहळू टेपवहिनींवर.

तिसऱ्या खेपेला मालकांनी त्यांना बोलावलं. "मला तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण दोन खेपा गेल्या. या खेपेला बरोब्बर शंभर पिल्लं आहेत. सहाशे किलो भरलं, तर किल्ली तुमची. नाही भरलं, तर वाढीच्या शेडमधले नाना बाळंतघर बघतील, तुम्ही परत धुलाईला."

नाना मनानं चांगला माणूस. पण त्यांच्या तोंडात दिवसभर शिट्टी असते. शिट्टी वाजवत ते बाळंतघरात फिरणार, ही कल्पनाच वहिनींना सोसवत नव्हती. सासरे मुद्दाम मोठ्यांदा शिंकायचे, की वहिनी वाजवून दाखवतील. पण टेप बंद.

त्यानंतरच्या बुधवारी त्या जेवणाचा डबा ओट्यावर विसरून गेल्या. पिल्लं तेव्हा बारा दिवसांची होती. मी डबा घेऊन स्कूटरवरून फार्मवर गेले.

तिथे कुणालाही तसंच आत सोडत नाहीत. रोगराई जायला नको म्हणून आधी अंघोळ, मग फार्मचे कपडे, मग गमबूट, आणि गमबूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे. सकाळी एकदा अंघोळ झालेली असताना एका डब्यापायी मी दुसरी केली, आणि दोन मापं मोठा निळा डगला घालून बाळंतघराच्या दारात उभी राहिले. आत वारा असा, की केस कपाळाला चिकटले. आवाज असा, की वहिनींचे ओठ हलताना दिसले, शब्द एक नाही.

"काय?" मी ओरडले.

त्या कानाशी येऊन ओरडल्या, "शिडी धर! लाइनवाले आलेत!"

कोपऱ्यातल्या दहा नंबरच्या गाळ्यावरचा पंखा दोन महिन्यांपासून बंद होता. तो दुरुस्त करा म्हणून वहिनींनी फार्मच्या इलेक्ट्रिशियनला, म्हणजे लाइनवाल्यांना, भंडावून सोडलं होतं. आज ते उगवले होते. मी एका हातात डबा आणि दुसऱ्या हातानं शिडी धरली. मोकळ्या वेळात बघायला समोर दहावा गाळाच होता. पिल्लं काय गुटगुटीत! गळ्याला वळ्या, पाठ चकचकीत.

"यांचं बरं दिसतंय," मी ओरडून म्हटलं.

"आई गुणाची आहे!" वहिनी ओरडल्या. मग तिसऱ्या गाळ्याकडे बोट दाखवलं. तिथल्या पिल्लांच्या पाठीचे मणके मोजता आले असते. त्यातलं एक तर शर्टाच्या गुंडीसारखं. त्याला सगळे गुंडीच म्हणत. "ही बघ! हिला आईपणाची काडीची अक्कल नाही! वेळेवर पाजतच नाही!"

लाइनवाल्यांनी वरून खूण केली. झटका बसायला नको म्हणून सगळ्या खोलीची लाइन बंद करायची होती. वहिनींनी दाराजवळचा मोठा खटका खाली ओढला.

पंखे हळूहळू थांबले.

आणि मी अंगावर काटा येणं म्हणजे काय ते अनुभवलं. एवढा वेळ मी त्या खोलीत उभी होते, आणि त्या खोलीत पिल्लं रडत होती. नऊ गाळ्यांतून, बारीक, वर चढत जाणारी, न थांबणारी कुरकुर. टेबलावर वहिनींनी शंभरदा वाजवून दाखवलेली. भुकेची.

वहिनी खटक्यावर हात ठेवून तशाच उभ्या. चेहरा पांढराफटक. "ही कधीपासून रडतायत?" त्या कुजबुजल्या. "अगं, ही कधीपासून रडतायत?"

तेवढ्यात तिसऱ्या गाळ्यातली ती बिनअकलेची आई बोलायला लागली. हं... हं... हं... वहिनींचा हात वर गेला, बोलू नका म्हणून. शिडीवर लाइनवाले स्क्रू तोंडात धरून थिजले. तिच्या पिल्लांनी एकदम कान टवकारले. कुरकुर थांबली. सगळी आईकडे वळली, एकमेकांच्या अंगावरून तुडवत जागेवर गेली. हं, हं, हं-हं. शेजारच्या चौथ्या गाळ्यात सुरू झालं. मग दुसऱ्या. मग पाचव्या. हंहंहंहंहं! एखादं इंजिन सुरू व्हावं तशी खोली घुमली, आणि मग एकदम फक्त चुटूचुटू आवाज. शंभर तोंडांचा.

टेपवहिनींनी माझा दंड असा धरला, की दुसऱ्या दिवशी तिथे चार बोटं निळी होती.

"पाजत होती," त्या म्हणाल्या. "ही बिचारी रोज बोलवत होती. यांना ऐकूच जात नव्हतं!"

"पण मग हा दहावा गाळा..." मी म्हटलं, आणि आम्ही दोघींनी एकदमच वर बघितलं. बंद पंख्याकडे.

"मागच्या खेपेलाही हाच गाळा चांगला होता!" वहिनी आता नाचायच्या बेतात होत्या. "आणि मागच्या खेपेला इथे दुसरीच डुकरीण होती! आई गुणाची नाही गं, पंखा गुणाचा! अहो लाइनवाले, उतरा खाली! हात लावू नका त्याला!"

लाइनवाल्यांनी तोंडातला स्क्रू काढला. "बाई, दोन महिने तुम्ही या पंख्यासाठी माझं डोकं खाल्लंत. झोपेत मला तुमचा आवाज ऐकू येतो. आज आलो, तर हात लावू नका?"

"दोन महिने आला नाहीत, हे फार मोठं काम केलंत तुम्ही!"

"हे माझ्या बायकोला सांगाल का जरा?" ते म्हणाले, आणि उतरले.

वहिनी तिसऱ्या गाळ्याशी गेल्या, वाकल्या, आणि त्या डुकरिणीच्या कानामागे खाजवत म्हणाल्या, "चुकलं माझं. काय काय बोलले मी तुला!" मग एकाएकी ताठ उभ्या राहिल्या. त्यांच्या लक्षात आलं होतं. माझ्याही.

पंखे त्यांनीच मागितले होते.

मालकांच्या ऑफिसकडे जाताना पत्र्याखालच्या बोळात मी त्यांना थांबवलं. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी शहाणपण सुचलं. "वहिनी, जरा ऐका. सगळे खाद्याला दोष देतायत ना? देऊ देत. तुम्ही गुपचूप खटका बंद करत जा, वजनं वाढतील, कुणाला काही कळायचं नाही. आपण होऊन पायावर धोंडा कशाला?"

"आणि पुढच्या खेपेला मी आजारी पडले तर? नाना शिट्टी मारत खटका चालू करतील." त्या चालायला लागल्या. मग मागे वळल्या. डोळे नुसते चमकत होते. "आणि अगं, एवढं कळल्यावर गप्प बसवेल का मला? मला! टेपला?"

ऑफिसात मालक आणि डॉक्टर खाद्याचे नमुने टेबलावर मांडून बसले होते. फरशी नुकतीच पुसलेली. वहिनींचे ओले गमबूट दारापासून टेबलापर्यंत उमटले.

"पंखे बंद करायचेत," त्या म्हणाल्या.

मालकांनी चष्मा काढला. "पंखे कुणी मागितले होते?"

"मी."

"अकरा वेळा कोण आलं होतं?"

"मीच."

"आणि आता बंद करा म्हणून कोण आलंय?"

"तेही मीच. हवं तर मला दोनदा रागवा, पण आधी चला."

मालकांना अंघोळ करावी लागली, डॉक्टरांनाही. दोघं ओल्या केसांनी बाळंतघरात आले. पंखे परत चालू केले होते. वहिनींनी मालकांना तिसऱ्या गाळ्याशी नेलं आणि खाली बोट दाखवलं. बसा. मालक उकिडवे बसले. आणखी खाली. मालकांनी गुडघे टेकले. पिल्लांच्या कानाच्या उंचीवर त्यांचं डोकं आलं, तेव्हा वहिनी ओरडल्या, "आई काय म्हणतेय, सांगा!"

"काय?"

"तेच! तिचं तोंड तुमच्यापासून दोन हातांवर आहे!"

मग त्यांनी खटका ओढला. पुढचं मला परत लिहायला नको. एवढंच सांगते, की चुटूचुटू सुरू झाली तेव्हा मालक अजून गुडघ्यांवरच होते आणि डॉक्टर भिंतीला टेकून हळूच म्हणत होते, "मी रक्त तपासत बसलो. रक्त!"

पण डॉक्टरांचा मुद्दा होताच. या उकाड्यात पंखे कायमचे बंद ठेवले तर आया मरतील.

"कायमचे कोण म्हणतंय?" वहिनींनी उत्तर चालता चालता तयार ठेवलं होतं. "रात्री गारवा असतो, तेव्हा बंद. दिवसा पन्नास मिनिटांनी एकदा, पाच मिनिटं. जेवणाची सुट्टी."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघितलं, डोक्यात काहीतरी मांडलं आणि मान हलवली. मालक उठले, गुडघे झटकले. "करा. पण अट तीच. सहाशे."

"तीच," वहिनी म्हणाल्या.

सोळा दिवस उरले होते. माझ्या स्वयंपाकघरातलं टकटक करणारं गजराचं घड्याळ, जे लावून मी अंडी उकडते, ते फार्मवर गेलं. ते सोळा दिवस आम्ही अंडी अंदाजानं उकडली आणि कुणी तक्रार केली नाही, कारण टेप परत सुरू झाली होती. रोज संध्याकाळी बातम्या. पहिल्या दिवशी आयांचा मेळ नव्हता; पंखे थांबायचे तेव्हा एखादी नुकतीच पाजून झोपलेली असायची. तिसऱ्या दिवशी सात जणी बरोबर आल्या. पाचव्या दिवशी वहिनी दारातूनच ओरडल्या, "दहाच्या दहा! खटका ओढला आणि दहाच्या दहा!" आयांनाच कळलं होतं, की शांतता झाली म्हणजे आता बोललं तर कुणी ऐकतं.

"आणि गुंडी?" सासरे विचारायचे. त्यांना त्या एकाच पिल्लाची काळजी.

"गुंडीनं आज दोघांना ढकललं."

"शाबास!" सासरे टेबलावर थाप मारायचे. एवढे खूश ते माझ्या नवऱ्याच्या निकालालाही झाले नव्हते, असं सासूबाई म्हणाल्या. नवऱ्यानं निकालाचा विषय लगेच बदलला.

अठ्ठाविसाव्या दिवशी वहिनी डबा विसरल्या नव्हत्या. मी तो लपवून ठेवला होता. दहा वाजता मी अंघोळ करून, निळा डगला घालून, डबा काखेत मारून हजर.

वजन करणाऱ्या माणसाला फार्मवर काटा म्हणतात. उंच, वाळलेला, आकड्याशिवाय तोंडातून काही न काढणारा माणूस. एकेका गाळ्यातली दहा पिल्लं जाळीच्या पेटीत घालायची, पेटी वजनकाट्यावर चढवायची, सुई थांबली की तो आकडा बोलणार आणि पाटीवर लिहिणार. गोम सुई थांबण्यात होती. उचललेलं पिल्लू असं किंचाळतं, की कानाचे पडदे फाटावेत, आणि पेटीत धडपडतं. सुई नाचत राहते. काटा दरवेळी दहादहा मिनिटं सुईकडे बघत उभा राहतो.

पहिली पेटी चढली. किंकाळ्या. सुई थरथरत राहिली. टेपवहिनी पुढे झाल्या, पेटीशी वाकल्या आणि सावकाश, छातीतून, सुरू झाल्या. "हं... हं... हं..."

दहा नाकं जाळीला लागली. पेटी गप्प. सुई थांबली.

काट्यानं एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा सुईकडे. "एकोणसाठ सहाशे."

साठ हवे होते. चारशे ग्रॅम कमी. मी बोटांवर हिशेब धरला. दुसरी पेटी साठच्या वर गेली, माझ्या जिवात जीव आला. मग तिसरी, गुंडीची. "छपन्न चारशे." मालक खिशात हात घालून उभे होते, त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता. चौथी, पाचवी, सहावी. थोडं वर, थोडं खाली. वहिनींचा घसा बसत चालला होता, तरी हं हं चालूच. मागे बाळंतघरात पंखे घरघरत होते आणि माझं अंड्यांचं घड्याळ वहिनींच्या एप्रनच्या खिशात टकटकत होतं.

नऊ पेट्या झाल्या तेव्हा चार किलो कमी होते. राहिला तो कोपऱ्यातला दहावा गाळा. बंद पंख्याचा, वळ्यावळ्यांचा. त्यांनी चौसष्ट किलो भरायला हवं होतं.

पेटी उचलायला दोघं लागले. वहिनी वाकल्या. हं... हं... सुई वर चढली, चढली, साठच्या पुढे, बासष्ट, त्रेसष्ट, आणि थांबली.

काटा सुईशी नाक नेऊन उभा राहिला. "त्रेसष्ट आठशे."

एक रेघ. काट्यावरची एक बारीक रेघ कमी. दोनशे ग्रॅम.

टेपवहिनींनी गळ्यातली किल्ली काढली. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी ती मालकांपुढे धरली. मालकांनी हात पुढे केला, तर मधेच काट्यानं ती घेतली. दोरी, ठोकळा, किल्ली, सगळं. आणि पेटीवर, पिल्लांच्या डोक्यावर, ठेवून दिली.

सुई एक रेघ सरकली.

"चौसष्ट," काटा म्हणाला. "सहाशे भरले." आणि त्यानं पाटीवर लिहिलं.

"अहो, किल्लीचं वजन धरतात का?" मालक म्हणाले.

"मला काट्यावर दिसतं ते मी सांगतो," काटा म्हणाला. अकरा वर्षांत त्याच्या तोंडून आकडा नसलेलं पहिलं वाक्य, असं लाइनवाल्यांनी नंतर मला शपथेवर सांगितलं.

मालकांनी पाटीकडे बघितलं. पाचशेवीसवरून इथपर्यंत, तेही सोळा दिवसांत. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, मग खांदे, मग ते इतक्या जोरात हसले, की पेटीतली पिल्लं 'व्हक्' करून एका कोपऱ्यात गेली. "भरले तर भरले! आणि डॉक्टर, पंखे तिथून काढून भिंतीच्या बाहेर कसे लावता येतील, ते बघा बरं. वारा आत, आवाज बाहेर. बाई, घ्या तुमची..."

टर्रर्र!

अंड्यांचं घड्याळ वाजलं.

"पंखे!" टेपवहिनी ओरडल्या. "वेळ झाली! पिल्लं आत न्या, आधी पिल्लं आत न्या!" आणि गमबूट फटफटवत त्या पळाल्या. किल्ली पेटीवर तशीच. पेटी उचलणारे त्यांच्यामागे पळाले. ठोकळा घसरून खाली पडला. मालकांनीच तो उचलला आणि दोरी हातात धरून तेही झपाझप निघाले. "अहो बाई, किल्ली! किल्ली राहिली तुमची! मी काय म्हणतो..."

वहिनींनी खटका ओढला होता. पंखे मंदावत होते. तिसऱ्या गाळ्यातली आई आडवी झाली होती, आणि गुंडी दोघांच्या अंगावरून पुढे घुसत होतं.

"श्श!" टेपवहिनींनी मालकांना दटावलं.

मालक दारातच थांबले. किल्ली त्यांच्या हातात होती. ती मुळीच हलू नये म्हणून त्यांनी ठोकळा दुसऱ्या हातानं घट्ट धरला, आणि हं... हं... हं... वेग वाढायची वाट बघत उभे राहिले.